तीन डोळ्यांची फटफटी

मित्रांनो, जोयड्यात एका घरामागच्या पडवीत, भाताच्या रिकाम्या कणग्यांच्या आड मी उभी आहे. चाकांत हवा नाही आणि बसायच्या जागेचं चामडं उंदरांनी कधीच नेलं. तुम्ही मला भंगार म्हणाल. पण मी एक जुनी फटफटी आहे, आणि सुप्याच्या रानातल्या पुष्कळ माणसांनी आयुष्यात पाहिलेली पहिलीच!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बोटीतून आणि मग रेल्वेतून, गवतात गुंडाळलेली अशी मी लोंढा स्टेशनावर उतरले. मला न्यायला भिकाजीराव आले होते. ते खेडोपाडी देवीची लस टोचत, म्हणून लोक त्यांना 'देवी डॉक्टर' म्हणत. बैलगाडीने जाईपर्यंत उन्हाने लस खराब व्हायची, म्हणून त्यांनी मला आणलं होतं. माझ्या टाकीवर हात ठेवून ते म्हणाले, "चल बाई, रान मोठं आहे."

तेव्हा माझ्या कपाळावर एकच दिवा होता, कार्बाईडचा. बाजूच्या पितळी डब्यात खाली कार्बाईडचे खडे आणि वर पाणी असे. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडलं की त्यातून वायू निघायचा, रबरी नळीतून दिव्यात जायचा, आणि काडी लावताच पांढरीशुभ्र ज्योत उभी राहायची. वास मात्र कुजक्या लसणासारखा!

तो दिवा नाकासमोर बघायचा, आणि आमच्याकडचा रस्ता तर नाकासमोर कधीच जात नाही. एकदा अणशीहून परतताना दिवेलागणीच्या सुमारास वळणावर माझं चाक चरात गेलं. आम्ही दोघं आडवे झालो. भिकाजीरावांचा गुडघा फुटला, पण ते बघत बसले लसीच्या फुटलेल्या नळ्यांकडे. एका गावातली सगळी पोरं त्या लसीची वाट पाहत होती.

त्यानंतर त्यांनी बेळगावहून आणखी दोन पितळी दिवे आणले आणि मला सुप्यात परशू लोहाराच्या भट्टीवर नेलं. परशूची बायको फुला भाता ओढत होती. तिने दिवे पाहिले आणि हसू दाबत विचारलं, "डॉक्टरसायेब, फटफटीची वरात काढताय व्हय?"

परशू हसला नाही. तो माझ्याभोवती दोनदा फिरला. मग त्याने लोखंडी पट्ट्या तापवून त्यांच्या कड्या वळवल्या आणि माझ्या पुढच्या दांड्यांवर बसवल्या. धक्क्याने काच तडकू नये म्हणून मध्ये चामड्याचे तुकडे घातले. एका नळीला तीन तोंडं हवी होती. ती जोडणी त्याने पितळेची केली, पण पहिल्यांदा ती गळाली, दुसऱ्यांदाही गळाली. तिसऱ्यांदा त्याने डाग देऊन ती पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही.

संध्याकाळी काडी ओढली. डाव्या दिव्याचा उजेड रस्त्याच्या कडेवर पडला, उजव्याचा वळणाच्या आत. समोरचं फणसाचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत उजळून निघालं. शेंड्यावरचं एक पाखरू पहाट झाली समजून ओरडायला लागलं. फुलाने तोंडावर पदर धरला. "आगा बया! पान नि पान दिसतंय!" ती हळूच म्हणाली. मी स्वतःसुद्धा थक्क झाले. इतके दिवस त्या झाडासमोरून जात होते, आणि ते इतकं उंच आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढे श्रावण आला. सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. वरच्या डोंगरात पाऊस कोसळला असावा, कारण तिन्हीसांजेला काळी नदी एकाएकी फुगली. नावा लागतात त्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा परशू काठावर उभा राहून हाका मारत होता, "फुले! ए फुले!"

पलीकडच्या गावात माहेरी गेलेली फुला लखू नावाड्याच्या नावेतून परत येत होती. नावेत आणखी सात-आठ माणसं होती. प्रवाहाने नाव धक्क्यापासून खाली ओढली होती. अंधार दाटला होता आणि त्या खालच्या बाजूलाच नदीतले धोंडे होते. पाण्यावरून लखूचा आवाज आला, "काठ दिसंना, परशू! कुठं वळवू?"

भिकाजीरावांनी मला ढकलत चिखलात, पार पाण्यापर्यंत नेलं. दिवे पेटवले. पण ते रस्त्यासाठी बसवलेले होते, उजेड पायाशीच पडला.

"सायेब, धरा घट्ट!" परशू म्हणाला. त्याने कड्यांचे आटे सैल केले आणि तापलेले दिवे उघड्या हातांनी वळवले. एक धोंड्यांवर, एक धक्क्यावर. कपाळावरचा दिवा नदीच्या मधोमध.

मित्रांनो, तो उजेड पाण्यावरून सरकत गेला. आधी लाटा दिसल्या, मग नावेचं टोक, आणि मग काळोखातून एकेक चेहरा उमलत गेला. त्यांचे डोळे चमकत होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

इतक्यात ज्योती मंदावल्या. डब्यातलं पाणी संपलं होतं. भिकाजीरावांनी वाकून त्याच नदीचं पाणी ओंजळीने डब्यात ओतलं. आत खडे फसफसले आणि ज्योती पुन्हा ताठ झाल्या.

"दिसलं! दिसलं गा!" लखू ओरडला. धोंड्यांना वळसा घालून त्याने वल्ही मारली आणि नाव धक्क्याला लागली.

फुला उतरली. परशू धावत तिच्यापाशी गेला. त्याच्या तळहातांवर फोड आले होते. तिने ते पाहिले आणि माझ्यासमोर येऊन, देवळात जोडतात तसे हात जोडले. "ही नसती तर मी न्हाई गा," ती म्हणाली.

पुढे विजेच्या दिव्यांच्या गाड्या आल्या. भिकाजीराव थकले आणि मी पडवीत आले. फुला होती तोवर जोयड्याला आली की पदराने माझ्या काचा पुसायची. ती गेल्यावर नळ्या वाळून तुटल्या, काचांवर धूळ बसली. आता तर तो धक्का, ती भट्टी, अख्खं जुनं सुपा धरणाच्या पाण्याखाली आहे.

मित्रांनो, मला पुन्हा रस्त्यावर न्या असं मी म्हणत नाही. पण तुमच्या सायकलीचा, गाडीचा, हातातल्या बॅटरीचा दिवा नेहमी पुसून, पेटता ठेवा. आणि अंधारातून कुणाची हाक आली, तर आपला रस्ता क्षणभर राहू द्या. दिवा तिकडे वळवा.