साक्षीदाराची चौकट

शिसवीच्या ताज्या कापाला गुलाबासारखा मंद वास येतो. वरून डिझेल चोळलं, की येत नाही.

"पेपर उलटा धरलाय तुम्ही," बायको म्हणाली.
"मागच्या पानावरचं वाचतोय," तो म्हणाला. दोघंही हसली. ती जरा आधी थांबली.

शिसवीचं खोड मिठीत मावेनासं व्हायला शंभर वर्षं लागतात. पाडायला, करवत यंत्राची असेल तर, दहा-बारा मिनिटं.

ऑफिसच्या दारापासून लाकडाच्या यार्डापर्यंत बावन्न पावलं. मधे दोन पायऱ्या.

तपासणीच्या फॉर्मच्या तळाशी दोन चौकटी असतात. एक तपासणाऱ्याची, एक साक्षीदाराची. त्यांच्याखालची अक्षरं मुंगीएवढी.

बंदरावर सगळे त्याला 'भिंग' म्हणत. सव्वीस वर्षं त्याचं काम एकच. काही झाडं जगातून संपत आली आहेत. त्यांचं लाकूड परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायला बंदी आहे. तसलं लाकूड साध्या फळ्यांच्या नावाखाली जहाजावर चढत नाही ना, हे बघायचं. फळीचं टोक ब्लेडने तासायचं, ओलं बोट फिरवायचं, भिंग डोळ्याला लावायचं. बारीक छिद्रं, त्यांच्यामधल्या त्याहून बारीक रेघा. दुसऱ्या बंदरांवरची माणसंसुद्धा अडलं की त्याला फोन करीत.

गेली दोन वर्षं भिंगात नुसतं धुकं दिसत होतं. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. भिंग तो तसंच डोळ्याला लावायचा आणि हळूच वास घ्यायचा.

साहेबांनी बोलावलं तेव्हा टेबलावर एक पत्र, तो फॉर्म आणि फळीचा वीतभर तुकडा होता. सहाय्यक तपासनीस बाई आधीच येऊन उभ्या होत्या. चौदा वर्षं त्याच्या हाताखाली काढलेल्या.

"आपण पास केलेला कंटेनर कस्टमवाल्यांनी परदेशातल्या बंदरावर उघडला," साहेब म्हणाले. "साधं लाकूड म्हणे! तीनशेच्या तीनशे फळ्या शिसवीच्या. वर डिझेल चोळलेलं. आता वरून विचारणा झालीये, कोणाच्या डोळ्यांदेखत गेलं म्हणून." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "तपासणारा म्हणून सही बाईंची आहे. तुम्ही नुसते साक्षीदार. बरोबर ना?"

कंटेनर पास केला त्या दिवशी कागद चाचपून, बोट पडलं तिथे त्याने सही ठोकली होती. बाईंनी कागद हातात घेतला, क्षणभर थांबल्या आणि उरलेल्या चौकटीत सही केली. सरांची चूक सरांना दाखवायची कशी?

"काय हो, बरोबर ना?"

"हो," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं असावं. त्याला चेहऱ्याच्या जागी एक फिकट डाग तेवढा दिसला, आणि तेवढाच दिसतो याचं त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

दोघं बाहेर पडली. साहेबांनी बाईंना यार्डाच्या किल्ल्या जमा करायला सांगितलं होतं. तोही मुकाट्याने त्यांच्यामागे निघाला.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, बाई," तो म्हणाला. "चौकशी होईल, चार दिवस आरडाओरडा होईल, निवळेल सगळं."

"निलंबनाचा कागद टाईप व्हायला गेलाय, सर."

"मी बोलेन साहेबांशी. नंतर."

"बोला ना. तुमच्या तोंडाला काय झालंय?" मग जरा थांबून, नेहमीच्याच आवाजात त्या म्हणाल्या, "पायरी आहे, सर."

त्याने पाय उचलला. दुसरी पायरी चढला आणि तिथेच उभा राहिला. हे वाक्य त्याने रोज ऐकलं होतं. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, फायली हातात असताना, गप्पा मारताना. पायरी आहे, सर. दोन वर्षं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"यार्डात कोणाला ठाऊक नाही?" बाई म्हणाल्या. "हमालसुद्धा तुमच्या वाटेत फळी ठेवत नाहीत."

तो वळला. भिंतीला हात लावत परत गेला. बाई मागोमाग आल्या. त्याने त्यांना थांबवलं नाही.

"साहेब, तपासणी मी केली. बाईंनी त्या फळ्यांना हातसुद्धा लावला नव्हता. मी चुकीच्या चौकटीत सही केली."

"सव्वीस वर्षं हाच फॉर्म भरताय तुम्ही."

"मला चौकट दिसली नाही."

साहेबांना ती थट्टा वाटली. "भिंगाला चौकट दिसत नाही? काय राव!" त्यांनी तुकडा पुढे ढकलला. "ताजा कापलाय. हे घ्या, बघा आणि सांगा."

सवयीने त्याचा हात खिशात गेला. भिंग निघालं, अर्ध्यापर्यंत वर आलं. मग त्याने ते टेबलावर ठेवून दिलं. तुकडा दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि सगळ्यांसमोर, डोळे मिटून, हुंगला. एकदा. मग तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने. साहेबांची खुर्ची करकरायची थांबली.

"शिसव," तो म्हणाला. "आज येतोय वास."

बाईंनी खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्याला टेकेल अशी ठेवली.

कंटेनरला सील लागायच्या आधी बाईंनी विचारलं होतं, "सर, एकदा मी भिंग लावून बघू का?" तो नको म्हणाला होता.