विट्स्केबाईंचा मायेचा सल्ला

जानेवारी लागला की नेदरलँड्समधल्या आमच्या फ्रीसलंडमध्ये आईबापांना घोर लागतो. बारा वर्षांचं पोर पुढे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जाणार की व्यवसायशाळेत, याचा सल्ला वर्गशिक्षिका पोराच्या देखतच देते.

विट्स्केबाईंनी यिल्डाऊला व्यवसायशाळा सुचवली. पोरगी हुशार, गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणून झपाटलेली. पण बाप दुसऱ्याच्या गोठ्यात राबणारा, आई बेकरीत कामाला. घरी अभ्यास घेणार कोण?

"वर जाऊन आपटण्यापेक्षा हे बरं," बाई मायेनं म्हणाल्या.

"तुम्ही म्हणता तर तसंच असणार, बाई," आई म्हणाली. यिल्डाऊ शेजारीच बसून ऐकत होती.

मुख्याध्यापक डाउवे मात्र उखडले. "अगं, त्या श्रीमंत नोटरीच्या पोराला एवढेच गुण होते. त्याला बरा वर पाठवलास!"

"त्याला शिकवणी लावतील, डाउवे. हिला कोण आहे?"

"तू आहेस की! तूच तिला हरलेली धरलीस, तर ती कुणाच्या जोरावर शिकणार? फेब्रुवारीत चाचणी आहे. जास्त गुण पडले तर सल्ला वर नेता येईल. तोवर धीराचे चार शब्द तरी बोल."

बाईंनी तिला धीर दिलाच नाही. उगाच आशा कशाला लावायची? यिल्डाऊनं वर्गात हात वर करणं सोडलं, तेव्हा बाईंना वाटलं, समजूतदार झाली पोर!

चाचणीचे गुण आले आणि बाई हबकल्या. इतके कमी तिला कधीच पडले नव्हते. शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"प्रश्न वाचलेच नाहीस ना गं?"

"नाही."

"का?"

"वाचून काय होणार होतं? मला झेपणार नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना."

अरे देवा, हे काय करून बसले मी! बाईंचे डोळे भरून आले.

"माझं चुकलं, बाळा. तू डॉक्टर होऊ शकतेस. अगदी खरं सांगते."

यिल्डाऊनं दप्तर पाठीला लावलं. "आता मला बरं वाटावं म्हणून बोलताय," ती म्हणाली आणि सायकल काढून निघून गेली.

सल्ला बदलला नाही. बाई बदलल्या; आता त्या पोराचं घर बघून त्याची झेप ठरवत नाहीत. यिल्डाऊला त्याचा काय उपयोग?

मंडळी, अपयशाच्या भीतीनं आपण पोरांना आधीच खाली बसवतो आणि त्याला माया म्हणतो. त्यानं त्यांची शिकण्याची इच्छाच मरते. धीर द्यायचा तर वेळेवर द्या! उशिरा दिलेला पोरांना खोटा वाटतो, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.