लेथचा रंग आणि मंगलचा श्वास

मंगलच्या छातीतून शीळ येत होती, कुकर भरात यायच्या आधी येते तशी बारीक, आणि मग ती एकदम थांबली. मला वाटलं, दम उतरला. तिच्या पाठीवरचा हात मी काढूनसुद्धा घेतला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची दुपार, भोसरीतलं आमचं पत्र्याचं वर्कशॉप, अर्ध्या उघड्या शटरखालून आत आलेलं ऊन, आणि त्या उन्हात माझ्या सुनेचे ओठ जांभळे पडलेले. खांदे कानापर्यंत चढले होते, गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती, तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. वारा आत जायचाच बंद झाला म्हणून शीळ थांबली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पाण्याचा तांब्या शोधत होते.

दत्तानं, माझ्या मुलानं, तिला उचललं आणि रस्त्यावर धावला. शेअर रिक्षातली माणसं न सांगता उतरली. मी मागे राहिले. तिनं आणलेला डबा जमिनीवर होता, नीट ठेवलेला, जराही न सांडलेला. शेजारी ओल्या हिरव्या रंगात आमची लेथ, लोखंड कातायचं यंत्र, चकाकत होती.

तो रंग मीच निवडला होता.

आमच्या शेतात कारखाने आले, तेव्हापासून खंडेनवमीला नांगराच्या जागी लेथ पुजतो. पूजेआधी ती धुवायची, तेल काढायचं, एक हात रंग मारायचा. रंगारी म्हणाला, "मावशी, साधा मारू का हार्डनरवाला? गाड्यांना मारतात तो. दहा वर्षं हलायचा न्हाई."

"गाडीचाच मार. आमच्यात आल्यापासून कळकटच हाय ती, माझ्यावाणी."

"मग तुमाला बी मारू का एक हात?"

"आधी तुझं थोबाड रंगव."

आम्ही हसलो. त्यानं फवाऱ्याची बंदूक लावली आणि हिरवं धुकं उडालं. तेवढ्यात मंगल डबा घेऊन शटरखालून वाकून आत आली. दोन पावलं टाकून थांबली. डबा खाली ठेवला, पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तिला वास ओळखू आला होता. तो मलाही ओळखू यायला हवा होता.

मंगल लातूरकडची. लग्नानंतर चार वर्षं ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या बंपरवर रंगाचे डाग दुरुस्त करायची. ट्यूबलाइटच्या ओळीखाली बंपर तिरपा धरायचा, मान कलती करायची, आणि प्रकाश जिथं अडखळेल तिथं खोट. ती मान तिनं घरी आणली, आणि कपड्यांना लागलेला रंगाचा वासही. ताट घासलं की खिडकीपाशी तिरपं धरणार, माझा चष्मा पुसला की उजेडात कलता करणार. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात ओट्यापाशी ती अशी उभी राहिली की वाटायचं, उजेडालाच काही विचारते आहे.

मग खोकला लागला. सोमवारी सुरू व्हायचा, शनिवारी झोपू द्यायचा नाही, रविवारी गायब. मी टोमणा मारला, "रविवारी खोकला बी सुट्टीवर जातो व्हय गं?"

ती म्हणाली, "आत्या, त्यालाबी ओव्हरटाइम नको असंल."

मी बोलले तो टोमणा नव्हता, ते निदान होतं. आणि मी ते चेष्टेत घालवलं. पुढं डॉक्टरांनी तेच शब्द वापरले, रविवारी बरं वाटतं ना, आणि रंग कायमचा सोडायला सांगितला. तिनं सोडला. घरी साड्यांना फॉल लावू लागली. तीन वर्षं छाती शांत होती. दम लागल्यावर तोंडात मारायचा पंप फडताळात मागं गेला, आणि डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात त्याहूनही मागं. माणूस वाईट दिवस विसरतो तसं अंगही विसरलं असेल, असं मी धरून चालले.

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क होता, हाताला सलाईन होतं. तिथल्या डॉक्टरबाईंना मी विचारलं, "तीन वर्षं झाली की. अंगाला अजून आठवतंय व्हय?"

"आजी, माणसं विसरतात. या पेशी विसरत नाहीत."

त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. रक्तात मदतनीस पेशी असतात. हाडाच्या मगजात जन्मतात, छातीच्या हाडामागं एका ग्रंथीत शिकतात. आपल्याच अंगावर उठणाऱ्या बहुतेक तिथंच मारल्या जातात. उरलेल्या बाहेर पडतात त्या कोऱ्या, कुठलं काम करायचं ते न ठरलेल्या. मग पहाऱ्यावरची एखादी पेशी परक्या वस्तूचा तुकडा आणून दाखवते, आणि दाखवताना जो निरोप देते, त्यावर त्यांचं काम ठरतं. काही जणी इतर पेशींच्या आत लपलेल्या जंतूंमागं इतरांना लावतात. काही जणी पोटातल्या जंतांविरुद्ध फौज उठवतात. काहींचं काम सगळ्यांना आवरणं. त्या स्वतः फारशा लढत नाहीत. त्या सांगतात, बाकीचे करतात.

मंगलच्या छातीत रंगाची वाफ तिच्याच मांसाला चिकटली. पहारेकऱ्याला ते परकं दिसलं, आणि कोऱ्या पेशींना चुकीचा निरोप गेला. त्या जंतांशी लढणाऱ्यांतल्या झाल्या. श्वासाच्या नळ्या आवळा, चिकट पाणी सोडा, सूज आणा. जंत कुठंच नव्हता. लढाई संपली की बहुतेक मरतात, थोड्या मागं राहतात, काही न करता, वर्षानुवर्षं. तोच वास आला की पहिल्यापेक्षा लवकर उठतात.

मी ऐकत होते. तिच्या आत कुणी बसलं होतं, तीन दिवाळ्या, तीन उन्हाळे, ती माझ्याशेजारी मेथी निवडत असताना, हसत असताना. आणि मी त्यांना हाक मारून उठवलं होतं.

सुईतल्या औषधानं त्या पेशींना गप्प केलं. संध्याकाळी शीळ परत आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या आवाजासाठी देवाला हात जोडले.

शुद्धीवर आल्यावर तिनं मास्क जरा बाजूला केला.

"आत्या, रंग कसा आलाय?"

"गप पड."

"कडंला ओघळ आला असंल. घाईत मारला त्यानं."

दुसऱ्या दिवशी तिच्यावाचून पूजा झाली. लेथच्या कडेला खरंच रंगाचा ओघळ होता, थेंबासारखा, वाळलेला. मी मान कलती करून बघितला.

वर्कशॉपच्या दारात ती आता येत नाही. दत्ताचा डबा मी नेते. शटरपाशी पोचले की माझे पाय आपोआप थांबतात, ती जिथं थांबली तिथंच, आणि आधी मी वास घेते. काल काय खाल्लं ते मला आठवत नाही, पण त्या दुपारी शीळ थांबल्यावर किती शांत झालं होतं, ते आठवतं. तो रंग मी निवडला. सोसून जगली ती मंगल.