हिरव्या दोऱ्याची तूट

राष्ट्र बंदुकीवर उभं नसतं, शिलाईवर उभं असतं. शिवण उसवली की पलटण उसवते, पलटण उसवली की सीमा उसवते, आणि मग नकाशे काढणाऱ्यांचं फावतं. हे सत्य सुभेदार जोतीराम काटकर रोज सकाळी शेडच्या दारात उभं राहून कामावर येणाऱ्या बायकांना ऐकवत. ऐकवताना त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन असे.

सुभेदार खरं तर हवालदार म्हणूनच निवृत्त झाले होते. पुढची बढती गावानं दिली, आणि ती गावानं दिलेली असल्यामुळं पेन्शनीत धरली गेली नाही. नोकरीभर ते पलटणीच्या टेलर शॉपमध्ये होते. शत्रूवर गोळी झाडायचा योग आला नाही, पण दोन ब्रिगेडियरांच्या पोटाचा घेर त्यांना तोंडपाठ होता आणि ही गुप्त माहिती त्यांनी अजून कुणाला दिलेली नव्हती.

दहिवडीच्या पुढं त्यांचं गाव. गावातले पुरुष मुंबईला ओझी उचलायला आणि बायका दुसऱ्याच्या रानात बाजरी काढायला, अशी वाटणी पूर्वापार. सुभेदार पेन्शन घेऊन आले आणि त्यांनी ठरवलं की बायकांना रानातनं सावलीत आणायचं. बंद पडलेल्या दूध केंद्राची शेड भाड्यानं घेतली. मिरजेच्या एका शेठनं मशीन दिल्या, कापड दिलं, काम दिलं. काम होतं ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या गाऊनचं. मिरजेत दवाखाने इतके की धडधाकट माणूस रस्त्यानं चालला तर तो परगावचा आहे हे लगेच ओळखू येतं. म्हणजे गाऊनला मरण नव्हतं.

करार सोपा होता. कापड शेठचं, कटिंग शेठचं, मशीन शेठच्या. शिलाई सुभेदारांची आणि दोरा सुभेदारांचा. तो दोराही शेठच्याच दुकानातून घ्यायचा, कारण हिरवा रंग नेमका जुळला पाहिजे. गाऊनच्या दरात दोरा धरलेला होता. किती धरायचा, हे सुभेदारांनीच काढून दिलं होतं.

हिशोब काढायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. गाऊनची प्रत्येक शिवण टेपनं मोजली. साध्या मशीनवर एक मीटर शिवण मारायला वरचा आणि बॉबीनचा मिळून अडीच मीटर दोरा जातो. कडा गुंफणारी ओव्हरलॉक मशीन तर राक्षस. दोऱ्याच्या तीन कोनांवरनं, म्हणजे मोठ्या रिळांवरनं, एका मीटरला चौदा मीटर ओढतो. बेरीज झाली, गाऊनमागं एकशे नऊ मीटर. सुभेदारांनी आकडा शेठला फोनवर असा सांगितला की पलीकडं शेठही सावधान उभे राहिले असावेत. त्याच दरावर करार झाला.

पण गाऊन शिवायला लागल्यावर कोन भराभर संपू लागले. हिशोबानं शंभर मीटर लागायला हवा तिथं एकशे पंधरा जात होता. दोरा तुटतो, परत ओवावा लागतो. लाईट जाते आणि अर्धी शिवण उसवून पुन्हा मारावी लागते. प्रत्येक शिवणीच्या टोकाला शेपूट सुटतं ते कापून टाकावं लागतं. ओव्हरलॉकच्या तीन कोनांपैकी एक तळाला लागला की मधेच संपू नये म्हणून आधीच काढावा लागतो, त्यावर थोडा राहतोच. एकशे नऊ हा आकडा बरोबर होता, फक्त तो अशा जगातला होता जिथं लाईट जात नाही.

वरचा पंधरा मीटर सुभेदार आपल्या पेन्शनीतनं घालत. गाऊन जितके जास्त, तितकी पेन्शन कमी. एका महिन्यात फार चांगलं काम झालं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, पद्मानं, घरातली साखर बंद केली.

"आवं, ह्यो धंदा हाय का दान?" तिनं विचारलं.

"ट्रेनिंग पीरियड है," सुभेदार म्हणाले. घरात कोंडी झाली की ते हिंदीत जात.

शेवटी त्यांनी शेठला फोन लावला. दर वाढवा, वाया जाणारा दोरा धरा, नाहीतर मला जमायचं नाही. शेठ फार गोड माणूस. म्हणाले, "सुभेदार, तुमचं म्हणणं सोळा आणे. आमच्या ऋषिराजला तपासायला पाठवतो. तो बघेल. वाया जात असेल तर शंभराला पंधरापर्यंत धरायला माझी ना नाही. नसेल तर मग मशीन सांगलीकडं न्याव्या लागतील, तिकडं एक जण जुन्या दरात तयार आहे."

झालं. शेडमधल्या बायकांचं सावलीतलं बसणं आता त्या पंधरा मीटरवर येऊन टांगलं.

इन्स्पेक्शन म्हटल्यावर सुभेदारांच्या अंगात पलटण आली. बायकांना रांगेत उभं करून ते म्हणाले, "साहेब येणार. शेड अशी पाहिजे की जमिनीवर जेवता आलं पाहिजे."

विजयमाला ही सगळ्यांत पुढच्या मशीनवरची. हाताची पक्की आणि तोंडाचीही. ती म्हणाली, "आवं सुभेदार, ताटं हायती की आमच्याकडं. जमिनीवर कशाला?"

"कचऱ्याचा एक धागा दिसला तर मी मिशी उतरवीन."

"मग तर टाकावाच लागंल एकांदा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी शेड हसली.

पण काम त्यांनी मनापासून केलं. शेड झाडली, धुतली, मशीन पुसल्या. कोपऱ्यात पोत्यात थोडाफार राहिलेला दोरा होता, तोही संध्याकाळी वाटून घेतला. वाटून घ्यायचं काही नवीन नव्हतं. पहिल्या दिवसापासून कापलेल्या शेपट्या, उसवलेला दोरा, कोनाच्या तळाला राहिलेलं, सगळं बायका ओटीत घालून घरी नेत. ते गाठी मारून जोडायचं, रिळाला गुंडाळायचं आणि त्यानं पांघरायच्या वाकळा शिवायच्या. जुनी लुगडी घराघरात होती, दोरा तेवढा विकत आणावा लागे. तो आता फुकट. चोरी म्हणाल तर कुणाच्या मनातही नव्हती. झाडून टाकायची वस्तू उचलली, एवढंच. माणासारख्या दुष्काळी तालुक्यात पाणीसुद्धा आधी अंघोळीला, मग धुण्याला, मग झाडाला जातं. दोऱ्याचं निराळं काय व्हायचं?

गावातली एकूणएक वाकळ हिरव्या टाक्यांची झाली होती. हे सुभेदार सोडून सगळ्यांना माहीत होतं. सुभेदार स्वतः तसल्याच एका वाकळेखाली झोपत, पण फौजी माणूस पांघरुणाची घडी बघतो, टाका बघत नाही.

ऋषिराज आला तो मोटारसायकलवर, पाठीला बॅग. इचलकरंजीला कापडाचं शिक्षण घेतलेला, गोरा, नम्र, वाद न घालणारा. अशा माणसांची भीती बाळगावी. त्यानं टेप काढला, एक गाऊन उलटा करून सगळ्या शिवणी मोजल्या, मोबाईलवर आकडे घातले आणि म्हणाला, "एकशे नऊ. काका, तुमचा हिशोब परफेक्ट आहे."

सुभेदारांची मान ताठ झाली. ती तशीच राहिली असती तर बरं झालं असतं.

"आता वेस्टेज बघू," ऋषिराज म्हणाला आणि त्यानं बॅगेतून छोटा वजनकाटा काढून टेबलावर ठेवला. "महिन्याभराचा वाया गेलेला दोरा यावर टाकूया. वजनावरून मीटर काढता येतात. जेवढं दिसेल तेवढं धरायचं, शेठनी सांगितलंय."



"वेस्टेज," सुभेदार म्हणाले.

"हो. कुठं साठवता? पोतं वगैरे?"

सुभेदारांनी कोपऱ्याकडं बघितलं. कोपरा चकचकीत होता. त्यांनी मशीनखाली बघितलं. तिथं जमिनीवर जेवता आलं असतं. त्यांनी विजयमालाकडं बघितलं आणि ती, जन्मात पहिल्यांदा, खाली बघत होती.

"पोतं कुठाय?"

"नेलं की."

"कुठं नेलं?"

"आपापल्या घरी. तुमीच म्हनलासा एक धागा दिसाय नगं."

"महिन्याचा दोरा?"

"महिन्याचा कुटला? पयल्यापास्नंचा. वाकळा झाल्या की तेच्या." मग सुभेदारांना धीर यावा म्हणून तिनं जोडलं, "तुमच्या अंगावरची तर लय गुबगुबीत झालीया. वैनीनं सवता टाकं घातल्यात."

सुभेदारांच्यातल्या जवानानं पुन्हा उचल खाल्ली. पुरावा घरोघर आहे, तर पुरावा हजर करायचा! "जा," ते ओरडले, "सगळ्या वाकळा घेऊन या! डबल मार्च!"

अर्ध्या तासात शेड वाकळांनी भरली. लाल लुगड्याच्या, जांभळ्या, चौकटीच्या, एकीला मधोमध धोतराचा तुकडा. आणि सगळ्यांवर ओळीनं हिरवे टाके, टाक्यांत ठिकठिकाणी बारक्या गाठी. पद्मानं सुभेदारांची वाकळ आणून सगळ्यांत वर ठेवली, इन्स्पेक्शनला ठेवावी तशी चौकोनी घडी घालून. ढीग छातीपर्यंत आला.

"हे बघा!" सुभेदार म्हणाले. "इथं आहे तुमचं वेस्टेज. प्रत्येक मीटर हजर. मोजा!"

ऋषिराजनं एक वाकळ उलगडली. टाक्यावरून बोट फिरवलं. त्याला ती आवडलेली स्पष्ट दिसत होती, आणि म्हणूनच तो जास्त अवघडला.

"काका, कसं सांगू. हे वाया गेलेलं नाही."

"म्हणजे?"

"वाया गेलं म्हणजे उपयोगात आलं नाही. हे तर आलंय. मी शेठना काय लिहू? दोरा वाया जातो, पण त्याच्या वाकळा होतात? ते म्हणतील, मग वाकळांचे पैसे कुठं आहेत?"

"पण गाऊनमधे नाही ना गेला तो दोरा!"

"नाही गेला. म्हणून गाऊनच्या दरात धरता येत नाही."

"आनि उसवून दिला तर?" विजयमाला पुढं आली. "आत्ता उसवतो समद्याजनी. घाला काट्यावर."

बायका खरंच सरसावल्या. एकीनं दात लावून पहिला टाका तोडलासुद्धा. ऋषिराजनं हात जोडले. "मावशी, नको. उसवलेला दोरा कशाचा, कधीचा, काही सिद्ध होणार नाही. उगाच पांघरूण जाईल."

मग त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खऱ्या आपुलकीनं म्हणाला, "एवढी स्वच्छ शेड मी अख्ख्या जिल्ह्यात बघितली नाही. थोडा जरी कचरा असता ना काका, मी काहीतरी केलं असतं."

त्यानं अहवालात लिहिलं: वेस्टेज आढळले नाही, स्वच्छता उत्तम. सुभेदारांनी खाली सही केली. सही करताना त्यांनी टाचा जुळवल्या, सवयीनं.

आठवड्यानं टेम्पो आला. मशीन उचलायला गावात पुरुष नव्हते, ते मुंबईत दुसऱ्यांची ओझी उचलत होते. तेव्हा बायकांनीच आपापल्या मशीन उचलल्या, फळीवरून वर चढवल्या, आणि वाटेत आदळू नयेत म्हणून मधे फडकीही घातली. ऋषिराज ड्रायव्हरशेजारी बसून आला होता. त्याला चहा दिला, बिनसाखरेचा. त्यानं गोड मानून घेतला.

"पोरींनो," सुभेदार म्हणाले, "हिंमत नाही हारायची." बायकांना बाजरीच्या रानात जायला उशीर होत होता. एकीनं विळा टेम्पोच्या चाकाशी टेकवून ठेवला होता, तो तिनं उचलला.

टेम्पो निघाला. शेडच्या जमिनीवर मशीनच्या पायांचे चौकोन तेवढे राहिले, धुऊनही न गेलेले. सुभेदार दारात उभे राहिले. राष्ट्राविषयी त्यांना काही बोलायचं होतं, पण ऐकायला विजयमाला एकटीच होती, आणि तिनं ते पुष्कळदा ऐकलं होतं.

"पिन द्या हिकडं," ती म्हणाली. "बटन लावते."

"दोरा कुठाय?"

तिनं कमरेची पिशवी चाचपली. एक हिरवी शेपटीसुद्धा उरली नव्हती.

इतक्यात वळणावर गेलेला टेम्पो थांबला. करकरत मागं येऊ लागला. रानाकडं निघालेल्या बायका वाटेतच थबकल्या. सुभेदारांनी पिन नीट केली, छाती बाहेर काढली. शेठचा फोन आला असणार. माणसाचं मन पालटतं, शेठ तर मुळातच गोड.

टेम्पो दाराशी आला. ऋषिराजनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तोंड लाल झालेलं, बोलावं की नाही अशा बेतात.

"काका, मघापासून विचारू का नको चाललंय. घरी बाळ व्हायचंय पुढच्या महिन्यात. मावशींना सांगून एक छोटीशी वाकळ मिळेल का? घाई नाही." त्यानं ड्रायव्हरकडं बघून आवाज खाली आणला. "फक्त दोरा दुसऱ्या रंगाचा घाला. हिरवा दिसला तर शेठ विचारतील."