एळ्ळूची आंघोळ

पैज लागली ती कुवेंपुनगरातल्या आमच्या पार्कच्या बाकावर. मी तीन शिंका दिल्या आणि शेजारच्या नागोजीरावानं नेहमीसारखी माझी नक्कल केली. बारा वर्षं हा माणूस माझ्या नाकावर लोकांना हसवतोय.

"कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी, आणि घरात कुत्रं," तो म्हणाला. "आयुधपूजेपर्यंत टिकत नाही बघा हा. अल्वा? खरं की नाही?"

ठरलं ते असं. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी सगळ्या गल्लीसमोर मी आमच्या कुत्रीला, एळ्ळूला, मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसायचं. एक जरी शिंक आली तरी एळ्ळूची रवानगी शहराबाहेर बेळगोळला, नागोजीरावाच्या मेहुण्याच्या कारखान्यात राखणीला. नाही आली, तर त्यानं डोक्याला पेटा, म्हणजे इथला फेटा, बांधून भर रस्त्यात तिला आंघोळ घालायची.

एळ्ळू म्हणजे कानडीत तीळ. काळी कुळकुळीत, वीतभर. लेक सासरी गेल्यापासून वनजा, माझी बायको, दिवसभर तिच्याशीच गप्पा मारते. पैज ऐकून तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

मी कामाला लागलो. डॉक्टरची गोळी, एळ्ळूला बेडरूमबंदी, दर रविवारी शाम्पू. पंधरवड्यात नाक ताळ्यावर आलं. फक्त सकाळी पेपर उघडला की धडाधड शिंका. एकदा पेपर झटकला तर घडीतून केस पडले. पांढरेशुभ्र.

नागोजीरावाच्या बहिणीकडे, जयलक्ष्मीपुरमला, पांढरं पॉमेरेनियन आहे. आणि पेपर पडतो त्या वेळी आमच्या फाटकाशी घुटमळणारा हा एकटाच.

भांडता आलं असतं, पण त्यात मजा काय? पेपर मी तोंडाला रुमाल बांधून बाहेरच झटकायला लागलो, आणि मग त्याच्या खिडकीकडे तोंड करून खोट्या शिंका. वीस, पंचवीस. गडी खुलला. एळ्ळूच्या निरोपाला या, बोंडा-कॉफी माझ्याकडून, असं गल्लीभर सांगत सुटला.

आयुधपूजेला सगळे जमले. धुतलेल्या स्कूटरी, हार, फोडलेले कोहळे. मांडीवर एळ्ळू. समोरच्या घरातला नाशिकचा विजय मोबाईलवर वेळ लावून उभा. आठ मिनिटं झाली, शिंक नाही. नागोजीरावाला घाम फुटला.

"ह्याला पेपर वाचायला लावा की," तो म्हणाला.

"पेपर कशाला हो?" विजयनं विचारलं.



त्या सकाळचा पेपर मी न झटकता पिशवीत बांधून ठेवला होता. विजयला म्हटलं, लांब जाऊन उलगड. त्याच्या स्कूटरच्या काळ्या सीटवर पांढरे केस पडले. लोकांनी आधी ते पाहिले, मग एळ्ळूला पाहिलं.

वनजा पुढे आली. "नागोजीराव, तुमच्या बहिणीचं पॉमेरेनियन बरं आहे ना?"

दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती.

मग जरीचा पेटा बांधून नागोजीराव स्कूटरींच्या मधे उकिडवा बसला. बादली, मगा, साबण. पोरं व्हिडिओ काढत होती. एळ्ळूनं दोनदा अंग झाडलं, दोन्ही वेळा त्याच्या तोंडावर. तो टॉवेल शोधायला लागला.

"कानामागे राहिलं," मी म्हटलं. "परत साबण लावा. सावकाश होऊ द्या."

त्यानं परत साबण लावला.