निकिताचा पेला

ओतिलियाबाईंचं औषधांचं दुकान जोरात चालायचं आणि दानधर्मात त्यांचा हात सढळ होता. टेकडीवरची गावं ओस पडत चालली होती. तिथल्या एकट्या म्हाताऱ्यांना दर हिवाळ्यात चर्चकडून साखर, तांदूळ, पीठ, तेल यांची खोकी जायची आणि त्यांचा सगळा खर्च बाई द्यायच्या. खोकी कुणाच्या दारात जातात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आपण दिलं, आपलं काम झालं, असं त्यांचं सरळ होतं. या वर्षी मात्र खोकी पोचवणारा ड्रायव्हर, सगळे जातात तसा, इटलीला कामाला निघून गेला. पाद्रीबाबा दुकानात येऊन म्हणाले, पैसे आहेत, माणसं नाहीत. बाईंनी कोट चढवला आणि स्वतःची गाडी काढली.

शेवटचं घर झामफिरा म्हातारीचं. तिने दार उघडलं. म्हातारीची नुसती हाडं उरली होती, शेगडी गार पडली होती आणि टेबलावर कांदा न् मक्याच्या घट्ट पिठल्याचा एक तुकडा होता. इतक्या वर्षांची खोकी गेली कुठे? बाईंचा पहिला संशय शेजारच्या हारालांबवर गेला. हा म्हातारा कबरी खणायचा आणि गावात धडधाकट असा तो एकटाच उरला होता. बाईंनी त्याला तोंडावर विचारलं. तो रागावलासुद्धा नाही. तिलाच विचारा, म्हणाला.

त्यांनी विचारलं नाही. तेवढा धीर कुणाला आहे! त्या दर आठवड्याला डबा भरून गरम सूप नेऊ लागल्या आणि म्हातारी संपवेपर्यंत समोर बसू लागल्या. खरं सांगायचं तर त्यांना हे आवडायला लागलं होतं. दुकानात गिऱ्हाइकांना त्या झामफिरामावशीबद्दल जरा जास्तच सांगायच्या.

एकदा सूप संपल्यावर म्हातारीने कपाटातून निळ्या काठाचा कोरा एनॅमलचा पेला काढला. त्यात पाव ठेवला, मेणबत्ती खोचून पेटवली आणि तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे पोरी. माझ्या निकितासाठी."

निकिता तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेलेल्याच्या नावाने जे जिवंत माणसाच्या हातात पडतं, तेच त्याला तिकडे मिळतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाईंनाही होतं. "त्याला पोचो," असं रीतीप्रमाणे म्हणून त्यांनी पेला घेतला. पण ओसरीवर आल्यावर त्यांचा जीव गलबलला. हिच्या घरात खायला नाही आणि आपण हिचा पाव न्यायचा? त्यांनी मेणबत्ती विझवली, पेला हळूच बाकावर ठेवला आणि त्या गाडीत बसल्या. घरी जाताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात दार उघडेना.

"मावशी, सूप गार होतंय," बाई म्हणाल्या.

आतून आवाज आला, "तुझी खोकी मी कधी बाकावर ठेवून आले का गं? निकिताने हात पुढे केला असेल. काय पडलं त्याच्या हातात?"

बाईंनी माफी मागितली, विनवण्या केल्या, शेवटी डबा उंबऱ्यावर ठेवून त्या परत आल्या. पुढच्या खेपेला डबा तिथेच होता, सूप गोठून गेलं होतं. मग हारालांबने खांदा लावून दार उघडलं.

म्हातारी अंथरुणातून उठू शकत नव्हती. तिने नुसतं पलंगाखालच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत बाईंचीच साखर होती, तांदूळ, पीठ, तेल होतं, एकही पुडा फोडलेला नव्हता. वर कोरे पेले रचलेले, प्रत्येकात घडी घातलेला टॉवेल. ही म्हातारीच्या स्वतःच्या मयताच्या जेवणाची तयारी होती. तिची मुलगी मिलानमध्ये दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळत होती, तिला मयताला यायला कोण सोडणार? म्हणून ही स्वतःच उपाशी राहून साठवत आली होती.

बाईंना रडू फुटलं आणि रागही आला. "हे सगळं खा, मावशी. मागचं सगळं मी करीन. शब्द देते."

म्हातारी हसली. "तू? तुला एक पेला गाडीपर्यंत नेववला नाही."

ती पुन्हा जेवलीच नाही. आठवडा संपायच्या आत गेली.

बाईंनी दुकान बंद ठेवलं. किडक्या तांदळातून धड होते ते निवडले, पाव भाजले, मयतासाठी करतात तो गोड गहू शिजवला. जेवायला आले पाद्रीबाबा, हारालांब आणि काठ्या टेकत आलेल्या चार म्हाताऱ्या. त्यांच्या हातात पेले देऊन झाले तरी अर्धीअधिक पेटी भरलेलीच होती. घ्यायला हात नसला तर पोचत नाही आणि देणाऱ्याने स्वतः घेऊन चालत नाही. तेव्हा बाई आणि हारालांब पेटी गाडीत घालून खालच्या हमरस्त्यावर गेले.

बाई कडेला उभ्या राहिल्या, हातात गहू भरलेला पेला, त्यात मेणबत्ती. वारा ती सारखी विझवत होता. गाड्या सुसाट जात होत्या. कुणी वेग कमी करायचं, बघायचं आणि काही विकत नको असं हाताने खुणावून पुढे जायचं. औषधवाल्या ओतिलियाबाई रस्त्यात वाकून वाकून म्हणत होत्या, "घ्या हो, झामफिरासाठी आहे, नुसतं घ्या."

शेवटी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर तरुण होता, चेहऱ्याने भला. त्याने काच खाली केली, बाईंचा चिखलाने भरलेला कोट पाहिला, थंडीने निळे पडलेले हात पाहिले. पेला घेतला.

त्याने खिशातून नाणी काढून गव्हावर ठेवली आणि पेला परत त्यांच्या हातात दिला.

"राहू दे, मावशी, तुलाच होईल," तो मायेने म्हणाला. "तूच खा."

ट्रक निघून गेला. बाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण येईना. तो बाक त्यांना चांगला आठवत होता.

मागून हारालांबने दुसरा पेला पुढे केला.