मामाची मिशी

मामा कोण होता, हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ठराव मात्र एकमतानं पास! म्हणे, प्रजासत्ताक दिनाला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मामाचं मोठं चित्र पाहिजे. गावचा तलाव मामा तलाव, म्हणजे कोण्यातरी थोर मामानंच तो खोदला असणार. वा रे अक्कल!

घनश्याम पेंटरला हसू आवरेना. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्याचे केस पिकले होते, राजे तर त्यानं ढिगानं काढले होते.

“सरपंचसाहेब, मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार, म्हणजे गावचा जुना जमीनदार, गेला, तलाव सरकारात जमा झाला. कागदावर ‘मा. मा.’ एवढी दोन अक्षरं उरली.”

“घनश्यामभाऊ, तुमी चित्र काढा, इतिहास नोका सांगू,” सरपंच हेमराज म्हणाला. “आता लोकायचं राज्य आहे. आमाले लोकायचा मामा पायजे.”

लोकांचा? मग घनश्यामजवळ चेहरा तयार होता. त्याच्या आईचा बाप. तलावाची पाळ फुटली तेव्हा मालगुजाराच्या हुकमानं माती टाकायला गेला आणि पाळीखालीच गाडला गेला. त्याचा फोटो नव्हता, पण आई म्हणायची, “नाक तुयंच.” रुखमिणीबाई आता शहाऐंशीची. तिनं डोळे मिटण्याआधी बापाला एकदा भिंतीवर पाहावं, एवढीच घनश्यामची इच्छा. आरशात बघत बघत त्यानं चेहरा काढला. उघडं डोकं, खांद्यावर फावडं.

पंचांनी नाकं मुरडली.

“हा तं मजूर दिसते!”

“मिशी पायजे. भरगच्च.”

“डोक्यावर फेटा, हातात तलवार!”

“तलवारीनं तलाव खोदला का गा?” घनश्याम ओरडला. पण दुसरा पेंटर आणतो म्हटल्यावर त्यानं ब्रश उचलला, मिशी आणि फेटा चढवला, फावड्याच्या जागी तलवार दिली. निदान नाक तर राहील, असं त्यानं स्वतःला समजावलं. लाचार माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो.

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला, चित्रावरचा पडदा सरकला, “मामा अमर रहे” झालं. घनश्यामनं आईला हात धरून भिंतीपाशी नेलं. “माय, पाह्य. तुया बाबा.”

म्हातारीनं मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग घाईघाईनं चपला काढून हातात घेतल्या आणि कमरेत वाकली.

“माय, काय करून राहिली?”

“हळू बोल, बाबू,” ती कुजबुजली. “मालगुजार होय ना तो. मिशी नाही ओळखू आली? त्याच्यासमोर चपला घालत नाही.”

हेमराजला दुरून फक्त वाकलेली म्हातारी दिसली. त्याचा ऊर भरून आला. त्यानं माईक ओढला. “पाहा, याले म्हणते श्रद्धा! चला, सगळ्यायनं चपला काढा!”

सगळ्या गावानं काढल्या. आई बाही ओढत होती, म्हणून घनश्यामनंही काढल्या.